खांबाविना तोरण

तोरणाचा इतिहास लिहायला बसले की पहिली अडचण साधनांची येते. ताम्रपट टिकतो, शिलालेख टिकतो, बखरीची नक्कल टिकते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जमवलेले कागद टिकले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्या गावात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. पण ज्या घरांच्या माळ्यांवरून असे कागद निघाले, त्या घरांच्या दारांवर दर सणाला बांधल्या जाणाऱ्या तोरणातले एक पानही कुठल्या दप्तरात सापडायचे नाही. झेंडू चार दिवसांत मान टाकतो, आंब्याचे पान आठ-दहा दिवसांत वाळून वाऱ्यावर वाजू लागते, आणि एखाद्या सकाळी केरात जाते.

त्यामुळे तोरणाचा माग आडवाटेने काढावा लागतो: शब्दकोशातून, देवळाच्या चौकटीतून, फुलाच्या प्रवासातून आणि शेवटी ज्या दोरावर ते ओवले जाते त्या दोरातून. इथे हा शोध खानदेशापुरता घेतला आहे. १९०६ मध्ये इंग्रजांनी खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. तेच पुढे जळगाव आणि धुळे झाले. गरजेप्रमाणे या हद्दीबाहेरही डोकावावे लागेल, कारण आपल्या दारावरच्या तोरणात जे असते ते सगळे आपल्या गावचे नसते.

शब्द

खानदेशच्या नकाशावर हा शब्द एका ठिकाणी ठळक दिसतो: सातपुड्यातले तोरणमाळ. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होते. नावाचा उगम कोणी तिथल्या तोरणा देवीशी जोडतात, तर कोणी तोरण नावाच्या काटेरी झुडपाशी. हे झुडूप बोरीच्या कुळातले. त्याची पांढरी फळे रानात फिरणाऱ्या पोरांच्या ओळखीची असतात. पुणे जिल्ह्यातल्या तोरणा किल्ल्याच्या नावाचीही हीच हकिगत सांगतात. पण शिवाजी महाराजांनी तो किल्ला घेतला आणि मराठी माणसाने झुडूप बाजूला सारून 'स्वराज्याचे तोरण बांधले' असा अर्थ त्या नावात वाचला. तोरण बांधणे म्हणजे आरंभ करणे, हे आपल्या भाषेत इतके मुरलेले आहे की दुसरे काही सुचणेच कठीण.

जुना अर्थ मात्र वेगळा होता. अमरकोशात तोरण म्हणजे बाहेरचे दार. दोन खांब, त्यांवर आडवी कमान, अशी ती उभी वास्तू. तिच्यावर जी पानाफुलांची माळ टांगत तिला संस्कृतात वंदनमाला असे वेगळे नाव होते. हिंदीतला 'बंदनवार' त्याच घरातला. मराठीत गंमत अशी झाली की कमान विसरली गेली आणि तिचे नाव माळेला मिळाले. आज आपण 'तोरण लाव' म्हणतो तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर खांब येत नाहीत.

या बदलाची चाहूल कालिदासाच्या एका कल्पनेत लागते. 'रघुवंशा'च्या पहिल्या सर्गात दिलीप आणि सुदक्षिणा वसिष्ठांच्या आश्रमाकडे निघाले आहेत. वर आकाशात सारसांची ओळ उडते आहे. कवीला ती खांबांवाचून टांगलेल्या तोरणमाळेसारखी दिसते. खांब नसलेले तोरण हे त्याच्या काळी नवल होते, म्हणून तर ती उपमा. आपल्या दारावर आज तेच नवल दोन खिळ्यांना अडकवलेले असते.

दगड

खांबांचे तोरण कसे होते हे पाहायचे तर सांचीला जावे लागते. तिथल्या मोठ्या स्तूपाची चार तोरणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली. दक्षिण तोरणावर एक लेख आहे: राजा सातकर्णीच्या कारागिरांचा मुख्य आनंद याने हे दान दिले. त्याच तोरणावरचे काही कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंती कारागिरांनी केले, असेही तिथे लिहिलेले आहे. बांधकाम दगडाचे, पण जोडणी सुतारकामाची. म्हणजे आधीची तोरणे लाकडाची होती आणि दगडाने त्यांची नक्कल केली. राजाच्या नावाबरोबर करणाऱ्या हातांचीही नोंद राहिली, ही गोष्ट लक्षात ठेवू. पुढे ती पुन्हा लागणार आहे.

खानदेशच्या माणसाला सांची दूर, पण अजिंठा उशाला आहे. लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात, तरी रेल्वेने येणारा बहुतेक प्रवासी जळगावलाच उतरतो. तिथल्या पाचव्या शतकातल्या विहारांची दारे पाहावीत. चौकटीभोवती एकाआड एक कोरीव पट्ट्या असतात. त्यांत एखादी वेलीची, एखादी पानांची. मंदिरशास्त्रात या पट्ट्यांना शाखा म्हणतात, आणि पानांच्या पट्टीला पत्रशाखा. चाळीसगावजवळच्या पाटणचे महादेव मंदिर किंवा साक्री तालुक्यातील बळसाण्याची मंदिरे यांच्या चौकटींपुढे उभे राहिले की हीच परंपरा पुढच्या काळातल्या हातांनी कोरलेली दिसते. दार म्हणजे नुसते भगदाड नव्हे. त्याला पालवी हवी, ही समजूत दगडानेही पाळली. खालच्या पट्टीचे नावही झाडाचेच आहे. संस्कृतात 'उदुंबर' या शब्दाचा एक अर्थ उंबरठा असा आहे आणि आपला उंबरा त्याच शब्दाचा वंशज.

म्हणजे देवाच्या दारावर न वाळणारी पाने आली. माणसाच्या दारावर मात्र वाळणारीच राहिली. हा फरक केवळ ऐपतीचा नाही. देवळाची पालवी एकदा कोरली की संपले. घराची पालवी दर सणाला नव्याने बांधावी लागते. जी गोष्ट पुन्हा पुन्हा करावी लागते तिच्यात त्या त्या वर्षाचे काहीतरी उतरतेच.

फूल

पाटणच्याच मंदिरात शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०६-०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, त्याच्या व्यवस्थेचा तो लेख. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. लेखाच्या शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत आणि त्यांत पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरच्या उत्पन्नाचा उल्लेख येतो. त्या बाजारात फुलांचे हारेही असतील. पण एक गोष्ट खात्रीने सांगता येते: त्यांत झेंडू नव्हता.

झेंडू मूळचा मेक्सिकोचा. पंधराव्या शतकाच्या अखेरीआधी आशियात कुणी तो पाहिलेला असणे शक्य नाही. तिथल्या नाहुआत्ल भाषेत त्याचे नाव 'वीस-फूल' अशा अर्थाचे आहे. आपल्याकडच्या 'हजारी' या नावाशी त्याचे नाते मनोमन जुळते. दोन्हीकडच्या लोकांनी पाकळ्या मोजायचा नाद सोडून दिला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या व्यापारातून तो हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरला असे मानले जाते. त्याच वाटेने मिरचीही आली. दुकानाच्या दारावर लिंबू-मिरची आणि घराच्या दारावर झेंडू, हे दोन्ही आपल्याला वेदकाळापासूनचे वाटतात. त्यातले लिंबू तेवढे इकडचे. यादवकाळ दाखवणाऱ्या एखाद्या मालिकेच्या नेपथ्यात झेंडूच्या माळांचा खच पडलेला असतो, तेव्हा निदान एवढे आठवावे की 'ज्ञानेश्वरी' १२९० ची आहे.

आजही मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत घरोघर मृतांसाठी वेदी मांडतात आणि तिच्यावर याच फुलांची कमान उभारतात. गेलेल्या माणसांना वास ओळखता यावा आणि घरची वाट सापडावी, अशी तिथली भावना. पुष्कळदा हे दिवस आपल्या दिवाळीच्या आगेमागे येतात. आपण तेच फूल लक्ष्मीला वाट दिसावी म्हणून लावतो. आपल्याकडे उलट, ज्या घरात वर्षभरात माणूस गेले असेल त्याच्या दारावर सणाला तोरण नसते, आणि रस्त्याने जाणाऱ्याला न विचारता ते कळते.

परदेशी फूल इतके घरचे कसे झाले? कारणे साधी आहेत. रंग हळदीचा. पावसाळ्यात लावले की दसरा-दिवाळीला बहर. तोडल्यावर चार दिवस तग धरणारे आणि देठाशिवाय सुईत ओवता येणारे. कपाशीच्या मुलुखात त्याला आणखी एक काम मिळाले: हिरवी बोंडअळी झेंडूकडे ओढली जाते, म्हणून कपाशीत सापळा पीक म्हणून त्याची ओळ लावायचा सल्ला कृषिखाते देते. त्याच्या मुळांतून पाझरणारी द्रव्ये जमिनीतल्या सूत्रकृमींना आवर घालतात. शिवाय वाळलेला झेंडू कुस्करला की हातात उरते ते बी. आमच्या घरी दसऱ्याचे तोरण उतरवून परसात कुस्करून टाकत, आणि पुढच्या पावसात रोपे आपोआप उगवत. मागच्या वर्षीचे तोरण हेच पुढच्या वर्षीच्या तोरणाचे बियाणे. बाजारातल्या संकरित झेंडूच्या बाबतीत अशी खात्री आता देता येत नाही.

झेंडू यायच्या आधी तोरणात काय होते? जे शेतात आणि शिवारात त्या त्या महिन्यात असेल ते. आंब्याची पाने बारमाही, म्हणून तीच मुख्य. पाडव्याला कडुनिंब. दसऱ्याला कोरडवाहू गावांत बाजरीची आणि ज्वारीची कणसे. कोकणात दसऱ्याच्या सुमारास भाताच्या लोंब्यांचे 'नवे' दाराला बांधतात, तोच हा भाव. ज्या वर्षी पावसाने दगा दिला त्या वर्षी कणीस लहान, नाहीतर नुसतीच पाने. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी दरवर्षीच्या पिकाची नोंद अशी दारावर टांगली आणि ती दरवर्षी पुसली गेली. बहिणाबाई चौधरींच्या कवितांत गुढी, आखाजी आणि पोळा यांवर स्वतंत्र कविता आहेत हा योगायोग नव्हे. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईचे पंचांग शेत आणि दार यांच्या मधल्या वाटेवर मांडलेले होते.

दोर

आता त्या भागाकडे वळू ज्याकडे तोरण पाहताना नजर जात नाही. कालिदासाच्या सारसांना दोर लागला नाही. दारावरच्या तोरणाला लागतो. खांब गेल्यावर सगळा भार दोरावर आला.

महाराष्ट्राच्या अनेक भागांत दोर वळणे हा मातंग समाजाचा पिढीजात व्यवसाय होता. अंबाडी आणि घायपात यांचा वाख काढून, पिळून, त्याचे नाडे, कासरे, चऱ्हाटे करायची. घायपातही मेक्सिकोचाच, म्हणजे फूल आणि दोर दोन्ही एकाच मुलखातून आलेले पाहुणे. सणाच्या सकाळी वेशीला आणि घरोघरच्या दारांना आंब्याच्या पानांचे तोरण बांधण्याचे कामही पुष्कळ गावांत मातंगांकडे असे. त्याबद्दल खळ्यावर किंवा दारात धान्य मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या 'गावगाडा' या पुस्तकात बलुतेदारांची कामे आणि हक्क तपशिलाने मांडले आहेत. त्या व्यवस्थेत प्रत्येक कामाची जागा ठरलेली होती आणि प्रत्येक माणसाचीही.

पोळ्याला हे उघड दिसे. वेशीत दोर आडवा ताणायचा, त्याला आंब्याची पाने. त्याखाली शृंगारलेले बैल गोळा होत. मानाच्या बैलाचा क्रम ठरलेला. बहुधा पाटलाचा बैल पहिला. तोरण तुटले की पोळा फुटला आणि बैल घरोघर पळाले. कोणाचा बैल आधी, यावरून गावागावांत भांडणे झाली आहेत. तोरण स्वागत करते हे खरे, पण क्रमही लावते. मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने गेली, १९६२ च्या कायद्याने पाटीलकी गेली. मान मात्र कायद्याने जात नाही.

माझे आजोळ बोरी नदीच्या काठचे. साठच्या दशकाच्या अखेरीस मी तिथे दसऱ्याला असे. उजाडता उजाडता एक म्हातारे गृहस्थ खांद्यावर आंब्याचे डहाळे आणि हातात दोराची वेटोळी घेऊन येत. पान मधोमध दुमडायचे, देठ त्याच पानात खोवायचा, मग ते दोराच्या पिळात सरकवायचे. गाठ नाही, सुई नाही. त्यांच्या बोटांतून पाने अशी निघत की मोजता येत नसत. ओट्यावर एका कडेला उभे राहून ते चौकटीच्या दोन्ही टोकांना दोर बांधत, पण उंबऱ्याला पाय लागू देत नसत. मग आजी सुपातून ज्वारी त्यांच्या धोतराच्या ओच्यात वरून ओतायची. तेव्हा मी आठ वर्षांचा असेन आणि त्यांना एकेरी नावाने हाक मारत होतो. तसे कोणी शिकवले नव्हते, सगळेच मारत.

एका दसऱ्याला ते आले नाहीत. त्यांच्या मुलाने गावात सांगितले होते की यापुढे आमच्या घरचे कोणी तोरण बांधायला येणार नाही. पारावर बरीच कुरकुर झाली. आजी दुपारपर्यंत वाट पाहत राहिली. मग तिने मला झाडावर चढवले, घरातली सुतळी काढली आणि स्वतः तोरण करायला बसली. तिला देठ खोवायची ती युक्ती साधेना. दिवेलागणीला निम्मी पाने गळून ओट्यावर पडली होती. पुढच्या वर्षी तिला जमले. त्यानंतर आमच्या घरात 'आजीच्या हातचे तोरण' अशी गोष्ट झाली, आणि आता ती परंपरा म्हणून नातवंडांना सांगितली जाते. ती परंपरा नेमकी कोणत्या दिवशी सुरू झाली हे मला माहीत आहे. एका माणसाने 'नाही' म्हटले, त्या दिवशी.

मणी आणि प्लॅस्टिक

बायकांच्या हातचे तोरण म्हणून ज्याची आपल्याला ओळख आहे ते बहुतांशी दुसऱ्याच जातीचे. सौराष्ट्र-कच्छात कापडावर भरतकाम केलेली आणि मण्यांत विणलेली तोरणे असतात. त्यांना खाली जिभेसारखी पाने लोंबतात, ती आंब्याच्या पानांची आठवण. तिथल्या मोतीकामाला लागणारे काचमणी एके काळी युरोपातून, व्हेनिसकडून येत. खानदेशची एक शीव गुजरातला लागून आहे. व्यापारी घराण्यांबरोबर ही चाल इकडे येणे सहज होते. विसाव्या शतकात मराठी घरांत काचेच्या नळ्या, लोकर, क्रोशाचा दोरा, पुढे प्लॅस्टिकचे मणी अशा सगळ्यांची तोरणे झाली. माझ्या आईने लग्नाआधी एक मण्यांचे तोरण केले होते. त्यात 'सुस्वागतम्' ही अक्षरे विणलेली. आजीला ती वाचता येत नसत. शाळेत गेलेल्या पहिल्या पिढीच्या मुलीने घरावर लिहिलेला तो पहिला शब्द होता.

आज दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी जळगावच्या फुले मार्केटकडे किंवा धुळ्याच्या पाचकंदीलकडे गेले तर झेंडूच्या ढिगांशेजारीच प्लॅस्टिकच्या झेंडूची तोरणे लटकलेली दिसतात. त्यांच्यावर टीका करणे सोपे आहे, पण एका आक्षेपाला उत्तर द्यावे लागते. झेंडू परका होता, मणी परके होते, घायपात परका होता. मग प्लॅस्टिकने काय घोडे मारले? परकेपणाचा मुद्दा इथे चालणार नाही. माझे म्हणणे एवढेच की प्लॅस्टिकचे तोरण वाळत नाही, म्हणून ते उतरवावे लागत नाही आणि पुन्हा बांधावेही लागत नाही. दुष्काळ असो की सुकाळ, घरात माणूस आलेले असो की गेलेले, ते तसेच राहते. त्याच्याकडून वर्षाची खबर मिळत नाही. आईच्या मण्यांच्या तोरणालाही हे लागू आहे हे मी जाणतो. म्हणूनच कदाचित ती त्याच्यावर दर दसऱ्याला आंब्याची पाच पाने खोवायची.

पुन्हा दोर

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला तालुक्याच्या गावी गेलो होतो. त्या दोर वळणाऱ्या गृहस्थांचा नातू तिथे नोकरीला आहे. त्याने नवे घर बांधले आणि आग्रहाने बोलावले. गेलो तेव्हा तो आणि त्याची बायको ओट्यावर झेंडू ओवत बसले होते. दारावर आधीच एक आंब्याच्या पानांचे तोरण होते, प्रत्येक पान टाचणीने अडकवलेले. मी त्याला पान दुमडून देठ खोवायची त्याच्या आजोबांची रीत करून दाखवू लागलो. इतक्या वर्षांनी मला ती जेमतेम आठवली. दोन पाने फाटली.

तो हसला. म्हणाला, "भाऊ, राहू द्या. दोरसुद्धा बाजारातला नायलॉनचा आहे. मला वळता येत नाही. आजोबांनी कोणालाच शिकवलं नाही."

का शिकवले नाही, हे मी विचारले नाही. विचारायची गरज नव्हती. हाताने केलेल्या वस्तू लोप पावत आहेत म्हणून आपण हळहळतो, आणि ती हळहळ खोटी नसते. पण एखादी विद्या कोणी मुद्दाम आपल्यापाशीच संपवलेलीही असू शकते, नातवाला ती पुढे करावी लागू नये म्हणून. सांचीच्या आनंदाचे नाव दगडावर राहिले. या म्हाताऱ्याने आपले काम मागे राहू दिले नाही, आणि ते न राहणे हीच त्याची निशाणी.

"आत या," तो म्हणाला. त्याच्या बायकोने माळ खिळ्याला अडकवली. तोरण जरा खाली आले होते. मला वाकून आत जावे लागले.